‘सांगत्ये ऐका’ आणि परळमधील एक गाणे

परळमधील एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर व्यायामशाळेची खोली आहे. गेल्या डिसेंबरात, सहा तारखेची गर्दी ओसरल्यानंतरच्या रविवारी, तेथे चार जणांनी गाणे केले. गटाला नाव नाही. एका मुलाजवळ गिटार, दुसऱ्याजवळ दिमडी, पन्नाशीच्या एका बाईंजवळ एकतारी, आणि गाणारी मुलगी नायगावच्या बी.डी.डी. चाळीत वाढलेली, एका तपासणी केंद्रात रक्ताचे नमुने घेण्याची नोकरी करणारी. माइक नव्हता, स्टेज नव्हते. सतरंजीवर आम्ही तीस-चाळीस माणसे. सुरुवातीलाच त्या मुलीने विचारले, “पंखे बंद केले तर चालेल का? आवाज पोचत नाही.” पंखे बंद झाले. थोडी कुरकुर झाली, मग घाम पुसत सगळे गप्प बसले. रस्त्यावरच्या गाड्यांचा घोंगाट होताच; परंतु त्याच्या खालून हळूहळू एक बारीक आवाज ऐकू येऊ लागला.

त्याच आठवड्यात मी बी.ए.च्या वर्गात हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ शिकवीत होतो. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ही आपली आहे का?” वर्गात मला नीट उत्तर देता आले नाही. त्या पुस्तकाचा आणि त्या गाण्याचा वरवर पाहता काही संबंध नाही. तरी त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला दोहोंचा विचार एकत्रच करावा लागला, म्हणून हे लेखन.

प्रथम पुस्तकाविषयी. हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा, मुंबईचा. घराणे कलावंतिणींचे. घरात पैसा उरला नाही तेव्हा शाळकरी वयाच्या मुलीला सिनेमात पाठवण्यात आले, आणि घराण्याचे आडनाव पडद्यावर नको म्हणून तिला वाडकर हे नाव देण्यात आले. पोर कमावील ते चालेल, तिचे नाव मात्र चालणार नाही, असा हा व्यवहार आहे. १९३६ साली तिचा पहिला चित्रपट आला. पुढे ‘संत सखू’, ‘रामजोशी’, आणि १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’. तो पुण्यात एकाच थिएटरात शंभराहून अधिक आठवडे चालला. त्यात त्यांनी तमाशातल्या बाईची भूमिका केली होती, आणि त्याच चित्रपटाचे नाव त्यांनी आपल्या आत्मकथनाला दिले. श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’मधून ते क्रमशः प्रसिद्ध झाले, १९७० साली पुस्तक निघाले, आणि १९७१ च्या ऑगस्टमध्ये हंसाबाई गेल्या. वय अवघे अठ्ठेचाळीस.

हे पुस्तक त्यांनी लिहिलेले नाही, सांगितलेले आहे. ऐकून लिहून घेणारे अरुण साधू तेव्हा तरुण पत्रकार होते. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्या पुढच्या. आपल्याकडे आत्मचरित्र आणि आत्मकथन असा भेद करण्याची रीत आहे. आत्मचरित्र यशस्वी माणूस लिहितो, जगणे संपत आल्यावर, मागे वळून. आत्मकथन सांगितले जाते, अजून चटका बसत असताना. या भेदावर आपण बरीच शाई खर्च केली आहे. पण एका मुद्द्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. सांगणाराही तोच, ऐकणाराही तोच. शिकलेला दया पवार शेजारी बसून न शिकलेल्या दगडूचे ऐकतो आहे. हंसाबाईंना अशी दुसरी आपण मिळाली नाही. त्यांना ऐकणारा बाहेरून आणावा लागला, तो पुरुष होता, आणि लेखणी त्याच्या हातात होती. साधूंनी इमानाने काम केले, हे पुस्तकातल्या बोलण्याच्या लयीवरूनच कळते. परंतु सांगणारी आणि लिहिणारा यांच्यामधली ती फट पुस्तकभर जाणवत राहते, आणि ती जाणवते हे बरेच आहे.

पुस्तकात काय काय आहे, याची यादी केली तर ती कोणत्याही सिनेनटीच्या चव्हाट्यावरच्या चरित्रासारखी दिसेल. वयाने बराच मोठा नवरा, त्याने बायकोच्या कमाईवर जगणे, संशय, मारहाण, इच्छेविरुद्ध केलेले गर्भपात, दारू, घर सोडून जाणे. मराठवाड्यातल्या एका गावात त्या एका पुरुषाच्या तिसऱ्या बायकोसारख्या राहिल्या. जिच्या तिकिटासाठी शहरात रांगा लागत, त्या बाईला तेथे उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. सुटकेसाठी शेवटी ज्या नवऱ्याला सोडले होते त्यालाच पत्र लिहावे लागले. पोलिसांच्या मदतीने सुटका झाली, आणि त्या सुटकेच्याच कामकाजात ज्या मॅजिस्ट्रेटपुढे त्या गेल्या त्याने त्यांच्यावर बलात्कार केला. कायद्याने सोडवलेल्या बाईची ही गत.

हे सारे हंसाबाई ज्या आवाजात सांगतात तो या पुस्तकाचा खरा विशेष आहे. त्या आवाज चढवीत नाहीत. रडत नाहीत, क्षमा मागत नाहीत. मी दारू प्यायले, मी गेले, मी परत आले. दोष कोणाचा हे ठरवण्याचे काम त्या वाचकावर टाकतात आणि पुढे जातात. मध्यमवर्गीय समीक्षेने याला ‘प्रांजळपणा’ असे गोड नाव दिले आहे. प्रांजळपणा हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. प्रांजळ माणूस कबुली देतो. कबुली द्यायला समोर कोणीतरी न्यायाधीश मानावा लागतो. आणि न्यायाधीश काय चीज असतो ते या बाईने पाहिलेले आहे! तिच्या स्वरात कबुली नाही, हिशेब आहे. शीर्षकातले क्रियापदही पाहावे. ‘सांगते’ नव्हे, ‘सांगत्ये’: बाईच्या तोंडचे, घरातले, बोलीतले रूप. आणि ‘ऐका’ हे आदरार्थी असले तरी आज्ञार्थीच आहे.

या पुस्तकावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यात नायिकेचे काम स्मिता पाटील हिने केले. १९७२ च्या ऑक्टोबरात मुंबई दूरदर्शन सुरू झाले त्या सुरुवातीच्या काळात मराठी बातम्या वाचणारी ही मुलगी. दूरदर्शनच्या पडद्यावर तोंड फक्त खांद्यापर्यंत दिसे आणि आवाज खोलीत बसून बोलल्यासारखा काढावा लागे. नाटक-सिनेमातल्या नट्यांना दूरच्या माणसासाठी बोलायची सवय. हिला हातभर अंतरावरच्या माणसासाठी बोलायची. ‘भूमिका’तला तिचा दबका, आत वळलेला आवाज तेथून आला असावा, असे मला वाटते. हंसाबाईंच्या सांगण्याला तो शोभला. त्या भूमिकेबद्दल तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मूळ बाई तोवर जाऊन सहा वर्षे झाली होती.

छोट्या पडद्याने दुसरीही एक किमया केली. ‘सांगत्ये ऐका’मध्ये जिचा नाच महाराष्ट्रभर गाजला त्या जयश्री गडकर १९८७ सालच्या रामायण मालिकेत कौसल्या झाल्या. घराघरांत टीव्हीला हार घालून लोकांनी त्यांच्या पाया पडण्यापर्यंत मजल गेली. नटीने कोणतीही भूमिका करावी, त्याला कोणाची हरकत नाही. परंतु पडद्यावर तमाशातली बाई झालेल्या नटीला राजमाता होता येते, आणि खऱ्या तमाशातल्या बाईला साधी माताही नीट होता येत नाही. विठाबाई नारायणगावकर तमाशाच्या रंगमंचामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत सर्वांना पाठ आहे. राष्ट्रपतींचा सन्मान त्यांना मिळाला; २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीतच. त्यांचे आयुष्य इतरांनी लिहिले. त्याच्याही आधीची पवळा. पठ्ठे बापूरावांनी ब्राह्मण्य सोडून तिच्यासाठी फड धरला, असे सांगताना लोकांचे डोळे ओलावतात. त्या महार बाईने काय सोडले, काय धरले, हे सांगायला तिला कोणी साधू भेटला नाही आणि तिच्यात कोणी दया पवारही शिकून तयार झाला नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. हंसाबाई दलित नव्हत्या. अस्पृश्यतेचा चटका त्यांच्या वाट्याला आलेला नाही, आणि तो आला असे भासवणे हा त्यांच्यावर आणि आपल्यावरही अन्याय होईल. त्यांना आपल्या रांगेत ओढून बसवण्याची मला घाई नाही. पण ज्या भूमिकेने त्यांना कीर्ती दिली ती भूमिका आपल्या घरातल्या बायकांच्या जगण्यातून उचललेली होती. पडद्यावरच्या तमासगिरिणीला आत्मकथन मिळाले. खऱ्या तमासगिरिणीला मिळाले नाही. मग ते आपण का मिळवून दिले नाही?

याचे उत्तर आपल्याला अडचणीत टाकणारे आहे. १६ जून १९३६ रोजी याच परळमध्ये, दामोदर हॉलमध्ये, वाघ्या, मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांची सभा भरली होती. धर्मांतराच्या घोषणेला पाठिंबा देण्यासाठी त्या जमल्या होत्या. हे लाजिरवाणे जिणे सोडा, असे बाबासाहेबांनी त्यांना सांगितले. ते सांगणे योग्यच होते; दुसरे कोणते सांगणार? माझ्यासारख्यांच्या घरातल्या बायका त्यामुळे त्या उंबऱ्याबाहेर आल्या आणि मी आज कॉलेजात शिकवतो. बाबासाहेबांचे भाषण आपल्याकडे आहे. हॉलमध्ये बसलेल्या बायका ते ऐकून आपसांत काय बोलल्या, घरी जाताना काय बोलल्या, हे मात्र आपल्याकडे नाही. पुढे आपण ते जिणे सोडले आणि त्याबरोबर त्या बायकांची नावे घेणेही सोडले. लाज व्यवस्थेला वाटायला हवी होती, ती आपण आपल्या बायकांकडे ठेवायला दिली.

आमच्याच घरातले सांगतो. माझ्या आजीची थोरली बहीण फडात होती. लालबागच्या हनुमान थिएटरात गिरणी कामगारांसाठी तमाशे होत, तेथे ती येऊन गेली असे म्हणतात. लहानपणी मी तिचे नाव एकदाच ऐकले, तेही अर्धे. आजोबा गिरणीत होते, खोली एकशे साठ फुटांची, माणसे नऊ. अशा खोलीत गुपित ठेवायला दुसरी खोली नसते. हळू आवाज हीच दुसरी खोली. आजी त्या बहिणीविषयी बोलायची ती त्या आवाजात, रात्री, माझ्या आत्याशी, आणि मी झोपलो आहे असे समजून.

म्हणून त्या रविवारी परळमध्ये पंखे बंद झाले तेव्हा मी चमकलो.

गटाने वामनदादा कर्डकांची दोन गाणी म्हटली. ही गाणी आपण जयंतीला, भोंग्यावरून, ढोलकीच्या कडकडाटात ऐकतो. त्या मुलीने ती ठाय लयीत, जवळजवळ स्वतःशी म्हणावीत तशी म्हटली, आणि शब्द पहिल्यांदा वेगवेगळे दिसले. मग एकतारीवाल्या बाईंनी जात्यावरच्या ओव्या घेतल्या, भीमाच्या आणि रमाईच्या. गिटार तेव्हा अगदी थांबलेच. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. ही समज मला महत्त्वाची वाटली. आजकाल लोकगीताच्या मागे वाद्यांचा मांडव घालण्याची फॅशन आहे, त्यात म्हातारीचा आवाज शोभेपुरता उरतो. येथे तसे झाले नाही.

आणि मग एक लावणी. त्या मुलीने ती बसूनच म्हटली, हात मांडीवर ठेवून. नाच नाही, नखरा नाही. लावणीतून पुरुषाची नजर काढून घेतली तर खाली काय उरते? उरते ते एका बाईचे मागणे, आणि ते फार साधे असते: थांब, बस, जाऊ नको. श्रोत्यांत काही बायका अस्वस्थ झाल्या. एक उठून बाहेरही गेली. तिचे मी चूक म्हणणार नाही.

गटात उणिवा नाहीत असे नाही. शेवटी त्यांनी स्वतः रचलेली तीन गाणी म्हटली, त्यांतली दोन मला पोकळ वाटली. पाऊस, खिडकी, चहा, एकटेपण. हे दुःख कुणाचेही असू शकते, आणि म्हणूनच ते कुणाचेच नाही. कॅफेत बसणाऱ्या सुखवस्तू मुलांची गाणी अशीच असतात. त्यांना हळू बोलायला मोठे घर आणि बंद दार असते. परळच्या चाळीतून आलेल्या मुलांनी तो उसना उदासपणा कशाला घ्यावा? तिसरे गाणे मात्र बी.डी.डी.च्या खोलीवर होते. पुनर्विकासात मिळणाऱ्या उंच इमारतीत शेजारणीच्या खोकल्याचा आवाज येणार नाही, एवढाच त्याचा विषय. तेथे हे चौघे आपल्या जागेवर होते.

कार्यक्रम संपल्यावर वाद झाला, तो गाण्यापेक्षा लांबला. सत्तरी ओलांडलेले एक कार्यकर्ते उभे राहिले. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल पेटली तेव्हा ते विशीचे होते. दहा तारखेच्या मोर्चात परळमध्ये वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव पडले, त्या मोर्चात ते होते. ते म्हणाले, “पोरांनो, चांगलं गाता. पण आमच्या चळवळीत कुजबूज चालत नाही. अमर शेखांना माइक लागत नव्हता, तो यासाठी नाही की लोक पंखे बंद करून बसायचे. लोक झोपलेले असायचे, त्यांना उठवायचं असायचं.”

हा आक्षेप हलका नाही. गावात आपल्या माणसांना शतकानुशतके मान खाली घालून, आवाज खाली घेऊन बोलावे लागले. पाटलापुढे ज्याचा आवाज चढला त्याची पाठ फुटली. भीमराव कर्डकांच्या जलशांनी तो आवाज वर काढला, अण्णाभाऊंनी, वामनदादांनी, विठ्ठल उमपांनी तो वर ठेवला. विलास घोगरे यांनी १९९७ साली रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतर स्वतःचा गळा कायमचा बंद करून घेतला. आपल्या मोठ्या आवाजाची किंमत रक्तात मोजली गेली आहे. तो आवाज कुणा वयस्काला आज कमी होताना दिसला तर त्याला भीती वाटणे साहजिक आहे.

तरीसुद्धा मी त्यांच्याशी सहमत नाही. त्यांना तेथेच म्हणालो ते येथे नीट लिहितो. भीतीने खाली गेलेला आवाज आणि आपण होऊन खाली घेतलेला आवाज, हे दोन वेगळे आवाज आहेत. पहिल्यात ऐकणारा वर असतो आणि बोलणारा खाली. दुसऱ्यात ऐकणाऱ्याला उठून जवळ यावे लागते. हंसाबाईंचे पुस्तक या दुसऱ्या जातीचे आहे, आणि त्या मुलीचे गाणेही. मोठा आवाज अन्याय सांगू शकतो. घरातले, अंथरुणातले, आपल्याच माणसांनी केलेले सांगायला तो उपयोगी पडत नाही. मोर्चात आपण बाईवरच्या बलात्काराचा निषेध करतो, पण त्या बाईला जे सांगायचे असते ते घोषणेत बसत नाही. आणि आता तर मोठ्या आवाजाचा ठेका डी.जे.वाल्यांकडे गेला आहे. चौदा एप्रिलला छाती हादरते, शब्द ऐकू येत नाहीत.

आणखी एक कबुली. होय, मी स्वतः ती देतो. दर वर्षी पाच डिसेंबरच्या रात्री मी दादरला शिवाजी पार्कवर जातो. बाहेरगावाहून आलेल्या बायका धुळीत, पथाऱ्यांवर, घोळका करून बसलेल्या असतात आणि माइकशिवाय, एकमेकींपुरत्या, गात असतात. मी त्यांना ओलांडून पुस्तकांच्या स्टॉलकडे गेलो. दहा वर्षे. पुस्तकांत मी त्यांचाच आवाज शोधत होतो. यंदाही ओलांडूनच गेलो. परळचे गाणे त्यानंतरचे.

ते कार्यकर्ते शेवटी एवढेच म्हणाले, “मला ऐकू कमी येतं, मास्तर. म्हणून पण असेल.” सगळे हसले, तेही हसले. मुलीने त्यांना पुढच्या वेळी पहिल्या रांगेत बसायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी आत्याकडे लालबागला गेलो. आजीच्या बहिणीचे विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून तिने दार लावले, टीव्हीवर मालिका चालू होती तिचा आवाज वाढवला, आणि माझ्या जवळ येऊन बसली. अर्धा तास बोलली. मावशी कुठल्या फडात होती, मुंबईला आली की कुठे उतरायची, आजीच्या लग्नाचे लुगडे कोणाच्या पैशाचे होते. मला टीव्हीमुळे निम्मे ऐकू येईना, म्हणून मी पुढे वाकलो. शेवटी तिने पूर्ण नाव सांगितले. मी खिशातून पेन काढले तसा तिने माझा हात धरला. “ऐक नुस्तं. लिहू नको अजून.”

म्हणून ते नाव येथे लिहिलेले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा ये, असे ती म्हणाली आहे.